उष्टं हत्यार

३ फेब्रुवारी

ही वही पुरावा म्हणून लिहायला घेतली आहे. वय अठ्ठावन्न. शस्त्रागारात एकतीस वर्षं काढली, आणि आजवर दोन ओळींच्या वर काही लिहिलं असेल तर ते रजेचा अर्ज. पण आजची बैठक पाहिली आणि ठरवलं, रोज जे दिसेल ते टिपून ठेवायचं. उद्या चौकशी लागली तर निदान कोणीतरी म्हणावं की मिस्त्रीने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

तर विषय असा. पायदळाची रायफल बदलायची आहे. जुनी आता माझ्यासारखी झाली, चालते पण कुरकुरते. नवी निवडायला सात जणांची समिती नेमली. अकरा रायफली आल्या, नऊ गळाल्या, दोन उरल्या. कंपन्यांची नावं कळू नयेत म्हणून शिक्क्यांवर पट्ट्या चिकटवल्यात. एकीला म्हणायचं क, दुसरीला ख. दोन्ही माझ्या ताब्यात, माझ्या कुलपाखाली.

आज समितीने त्या पहिल्यांदा हातात घेतल्या. अध्यक्षांना मी परेडसाहेब म्हणतो, अर्थात या वहीतच. त्यांनी ख खांद्याला लावली आणि नेम कुठे धरला? खिडकीच्या काचेत. स्वतःवर. पोट आत घेतलं, मान तिरकी केली आणि म्हणाले, "संचलनात शोभेल." बाकीच्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या. एकाने बिस्किट खाल्लेले हात दस्त्याला पुसले. एकालाही हे विचारावंसं वाटलं नाही की बाबा, ही चालते का?

माझा जीव यात का अडकलाय तेही लिहितो. जावईबापूंची पलटण सीमेवरच्या टेकड्यांवर आहे, आणि नव्या रायफलीची पहिली खेप त्याच पलटणीला जायची आहे. म्हणजे हे लोक बिस्किटं खात जी निवडतील ती माझ्या लेकीच्या नवऱ्याच्या हातात पडणार.

५ फेब्रुवारी

दोघींना खोलून टेबलावर मांडलं. क जाडी, हलवली की खुळखुळते. वाटतं, करणाऱ्याची शेवटची बस चुकत होती. पण त्या ढिलाईतच तिचं शहाणपण आहे. धूळ आत गेली तरी तिला फिरायला जागा आहे, ती कुठेतरी बसून राहते आणि काम चालू राहतं.

ख बघितली आणि खोटं कशाला सांगू, हात थबकला. केसभर फट नाही. काडतूस आत ढकलणारा बोल्ट सरकतो तो आवाज ऐकत बसावा. ज्याने केली त्याला माझा नमस्कार. पण जिथे केसभर फट नाही तिथे वाळूचा कण शिरला की कारभार आटोपला. ही पाहुण्यांसाठी कपाटात ठेवायची कपबशी आहे, रानात न्यायचा लोटा नव्हे.

माझं मत क. धुळीच्या चाचणीत ख तोंडावर पडणार. घोडामैदान जवळ आहे.

८ फेब्रुवारी

नावं लपवली आहेत म्हणे! ख विकणारा माणूस आज बरोबर परेडसाहेबांच्या दारात. दीड तास आत होता. मग माझ्याकडे आला. अंगाला एवढं अत्तर की शस्त्रागारातला तेलाचा वास पळून गेला. माझा हात हातात घेऊन "मिस्त्री, तुमचं नाव फार ऐकलंय" म्हणाला. हात लोण्यासारखा. हा माणूस हत्यारं विकतो आणि तळव्याला एक घट्टा नाही.

प्रत्येक रायफलीबरोबर जवानाला मिळणारी साफसफाईची डबी त्याने दाखवायला आणली होती. एक कुंचली, एक चिंधी, अंगठ्याएवढी तेलाची बाटली. एवढ्यावर वर्ष निघतं म्हणाला. तो गेल्यावर ते तेल बोटावर घेतलं. पाणी बरं. डबी उचलून फळीवर टाकली. माझं तेल मी स्वतः गाळतो, माझ्या उस्तादांच्या मापाने, त्याला असल्या डब्या लागत नाहीत.

हात दोनदा साबणाने धुतला तरी वास जाईना. घरी ही म्हणाली, "कुणाच्या लग्नाला जाऊन आलात?" जेवण गेलं नाही.

१० फेब्रुवारी

चाचणीचे नियम वाचून दाखवले. सहा दिवस, रोज धुळीच्या खोलीत तासभर ठेवायची, मग गोळ्या झाडायच्या. सहा दिवसांत साफसफाई बंद, कारण टेकडीवर जवानाला सहा सहा दिवस बूट काढायला मिळत नाही, रायफल कुठली खोलणार. किती वेळा अडकते ते मोजायचं. दहा वेळा झाले की बाद. नियम चांगला आहे. समितीतल्या एकाच व्यक्तीने केला असणार, आणि ती म्हणजे मोजणीच्या बाई.

या बाई आकडेवाल्या. चष्मा, रजिस्टर, दोन पेन्सिली, तोंडावर हसू नाही. पण आज माझ्याशीच वाकडं काढलं. म्हणाल्या, रोज संध्याकाळी रायफली ठेवल्या की मांडणीला सील लावू. एकतीस वर्षांत माझ्या शस्त्रागाराला कोणी सील लावलेलं नाही! मी सरळ सांगितलं, सील लावायचं तर मिस्त्री दुसरा शोधा. गंमत म्हणजे परेडसाहेबांनी माझी बाजू घेतली. म्हणाले, मिस्त्रींवर आमचा पूर्ण विश्वास आहे. बाईंनी रजिस्टरात काहीतरी लिहिलं.

चोरांना सोडून साधूला सील. कुंपणच शेत खातंय आणि या बाई बुजगावण्यावर संशय घेतायत.

१२ फेब्रुवारी

पहिला दिवस. क एकदा अडकली, ख दोनदा. मला वाटलं होतं ख निदान पाच वेळा तरी अडकेल. असू दे, अजून धूळ मुरायची आहे.

पाच वाजता दोन्ही परत आल्या. तोंडं काळी, अंगभर भुकटी. फडकं फिरवलं, मांडणीवर ठेवल्या, कुलूप लावलं, घरी आलो. आमचे उस्ताद म्हणायचे, उष्टं ताट आणि उष्टं हत्यार तसंच ठेवून घरी जाऊ नये. त्या माणसाने माझ्या मुस्कटात एकदाच मारली, आणि ती अशाच एका न पुसलेल्या रायफलीपायी. अठ्ठाविसाव्या वर्षी खाल्लेली ती थप्पड अजून कानात आहे.

१३ फेब्रुवारी

ख एकदा. एकदाच! क एकदा. मी बाईंच्या मागे उभं राहून मोजत होतो, त्यांची पेन्सिल चुकली नाही. मग खोट कुठे आहे? काडतुसांत असणार. ख साठी निवडक काडतुसं देत असतील. दुपारी दोन पेट्या खोलून काडतुसं वजनाला लावली. सगळी सारखी. धुळीच्या खोलीचा पंखा पाहिला, तोही ठीक. म्हणजे चोर चांगला हुशार आहे.

परेडसाहेब फिरत फिरत आले आणि "बघा मिस्त्री, तुमची लाडकी क मागे पडतेय" म्हणाले. दात दिसत होते. तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

संध्याकाळी अंगात कणकण होती, तरी दोघींवर फडकं फिरवून आलो. ख च्या बोल्टच्या खाचेत बोट घातलं तर काजळी जमायला लागलेली. थेंबभर तेल सोडलं. शत्रूची असली तरी हत्यार आहे, तिचा काय दोष.

१६ फेब्रुवारी

दोन दिवस तापाने अंथरुणावर होतो. माझ्या जागी दुसऱ्या गोदामातला एक बदली मिस्त्री घातला होता. आज सुटीचा दिवस, तरी राहवेना म्हणून गेलो.

मांडणी उघडली आणि डोक्यात तिडीक गेली. दोन्ही रायफली परवापासून जशा आल्या तशा टेकवून ठेवलेल्या. उष्ट्या! ख च्या तोंडाशी काजळीचं कडं, खाचेत धुळीचा लगदा. मला अक्षरशः शिसारी आली. पोरवयाचा असता तर समजलो असतो, चांगला पन्नाशीचा बाप्या, आणि एवढी जनाची नाही तर मनाची लाज नाही. आधी त्या दोघींना स्वच्छ पुसलं, मग टेबलावर बसून परेडसाहेबांना पत्र लिहिलं, चांगलं दीड पान. माझ्या गैरहजेरीत हत्यारांची हेळसांड झाली, ती अयोग्य रीतीने ठेवली गेली, या प्रकाराची दखल घ्यावी. आयुष्यातलं सगळ्यात लांब पत्र.

नंतर बाईंचं रजिस्टर बघायला मिळालं. चौदा तारखेला ख दोनदा अडकली, पंधराला अकरा वेळा. क दोन्ही दिवस एकेकदाच. अकरा! म्हटलं, आता बोला. आता सुटते कशी बघतो.

१७ फेब्रुवारी

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. परेडसाहेबांनी माझं पत्र समितीपुढे मोठ्याने वाचलं. अनुभवी मिस्त्री स्वतःच लिहितात की त्या दोन दिवसांत हत्यारं अयोग्य रीतीने ठेवली गेली, सबब ते दोन दिवस रद्द, त्याऐवजी दोन दिवस पुढे वाढवून देऊ. बाई म्हणाल्या, अयोग्य म्हणजे नेमकं काय झालं ते मिस्त्रींना विचारा. परेडसाहेब घड्याळ बघत म्हणाले, चहा येतोय.

माझं खरं पत्र यांनी खोट्या कामाला वापरलं. पण मी लिहिलं ते खरंच होतं, एक शब्द मागे घेणार नाही. आज ख एकदा, क एकदा. संध्याकाळी नेहमीप्रमाणे फडकं.

१८ फेब्रुवारी

ख दोनदा, क एकदाही नाही.

जावईबापू चार दिवसांच्या रजेवर आलेत. लेक खुशीत. त्यांनी जेवताना हात पुढे केला तर नखांत काळं. मी बोललो, सैनिकाची नखं अशी तर रायफल कशी असेल. लेकीने डोळे वटारले. जावईबापू हसले. म्हणाले, "बाबा, वर आम्हा तिघांत एक फडकं असतं. कधी कधी त्यानेच भांडी धरतो." आणि तेल? तेल संपलं की स्वयंपाकातलं लावतात. मी घास खाली ठेवला. त्यांच्या चौकीवर एक जोडीदार आहे म्हणे, तो मात्र वेडा आहे, स्वतःच्या बनियनची बाही फाडून रायफल पुसतो, सगळे त्याला धोबी म्हणतात. मी म्हटलं, त्या धोब्याला माझा नमस्कार सांगा.

हिचं शिवणयंत्र महिनाभर बंद होतं. हात धुतल्यावर सहज तेल घातलं, चाक फिरवलं, सुरू. ही जावयांना म्हणाली, "यांचा हात लागला की मेलेलं यंत्र उठतं." सासऱ्याचं कौतुक जावयासमोर, बरं वाटलं. उगाच कशाला लपवू.

२० फेब्रुवारी

संपलं. काल ख एकदा, आज दोनदा. सगळे धरून सहा दिवसांत नऊ. दहाची मर्यादा. एकाने वाचली. क एकूण पाच. दोन्ही पास. म्हणजे आता चालण्याचा प्रश्न मिटला, आता वजन, रंग, दिसणं, आणि अत्तर.

दोन दिवस सगळीकडे शोधलं. काडतुसं, पंखा, धूळ कुठून चाळतात ते, झाडणाऱ्या जवानांना कोणी काही पढवलंय का. कुठे धागा सापडत नाही. मनातून खात्री आहे की ही रायफल सहा दिवस धुळीत असं चालूच शकत नाही. कोणीतरी हात मारलाय.

शेवटी बाई आल्या, दारातच उभ्या राहिल्या. विचारलं, "मिस्त्री, संध्याकाळी पाच ते सकाळी आठ या रायफलींना कोणी हात लावतं?" मी म्हटलं, "माझ्याशिवाय माशी बसत नाही." त्यांनी कागद पुढे केला. चाचणीच्या काळात या रायफलींची कोणतीही साफसफाई झालेली नाही, असं लिहिलेलं. सही ठोकली. साफसफाई म्हणजे खोलायचं, घासायचं, गजाने नळी खरवडून काढायची. ती काय मी करू देतोय? सही करताना बाई माझ्या हाताकडे बघत होत्या. संशयी बाई.

४ मार्च

ख. सातपैकी सहा मतं. सातवं बाईंचं.

परेडसाहेबांचं भाषण झालं. देखणं हत्यार सैनिकाचं मनोबल वाढवतं म्हणे. कागदाचे डबे उघडले, गोड खाल्लं, त्याच बोटांनी सह्या केल्या. अत्तरवाल्याने मला मिठी मारली. मी अंगावरचा कोट घरी आल्या आल्या बादलीत टाकला.

एवढी किळस मला आयुष्यात कशाची आली नाही. मारामारीची नाही, रक्ताची नाही. या माणसांची येते. नोकरी सोडावी असं वाटतं, पण सोडून करणार काय, आणि माझ्या जागी येणार कोण, तर तो उष्टी हत्यारं ठेवणारा.

११ जून

पहिली खेप टेकड्यांवर पोचून महिना झाला. जावईबापूंचा फोन. आधी लेकीची चौकशी, हवापाणी, मग हळूच म्हणाले, बाबा, ही रायफल फार अडकते. पाऊस नाही, तिकडे नुसती धूळ. चौकीवर गेल्यावर तिसऱ्या दिवशी तर बोल्ट हातोडीने मागे घ्यावा लागतो.

मला राग आला. म्हटलं, चाचणीत सहा दिवस चालली, मी स्वतः उभा होतो. नखं तशी असतील तर रायफल काय करेल? ते म्हणाले, "बरं बाबा."

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "तुम्हीच म्हणत होता ना, ती वाईट आहे म्हणून?" मी म्हटलं, वाईट निवडली ती साहेबांनी, मळकी ठेवतात ते हे, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती भांडी आवरायला लागली.

२७ ऑगस्ट

सकाळी लेक आली. पायात दोन वेगळ्या चपला.

जावईबापूंच्या उजव्या पंजाला गोळी लागली. जिवाला धोका नाही म्हणतात. त्यांचा जोडीदार, तो धोबी, गेला. एवढंच कळलं. आज दुसरं काही लिहवत नाही.

९ सप्टेंबर

रुग्णालयातून सोडलं, आमच्याकडेच आणलंय. तीन बोटं उरली. लेक भरवते तेव्हा ते खाली बघतात.

आज स्वतःहून सांगितलं. चौकीवरचा पाचवा दिवस होता. समोरून गोळीबार सुरू झाला, यांनी चार गोळ्या झाडल्या आणि बोल्ट बसला. ओढला, लाथ मारली, येईना. शेजारी धोबी. त्याचीही अडकलेली होती, पण त्याने बाही फाडून कशीबशी सोडवली होती. यांची अडकलेली दिसली तसा तो यांना झाकायला अर्धा उठला. "मी खाली बघून बोल्ट ओढत होतो बाबा. तो पडला तो मी पाहिलाही नाही."

मी पाणी आणून दिलं.

१७ सप्टेंबर

पलटणीत चौकशी झाली आणि कागद आला. रायफल चाचणीत उत्तीर्ण झालेली आहे, त्या चाचणीचा दाखला सोबत जोडला आहे, सबब दोन्ही जवानांनी हत्याराची हेळसांड केली असं दिसतं. दोन्ही! जो मेला त्याच्यावरही ठपका. हेळसांड. माझ्याच पत्रातला शब्द. जोडलेल्या दाखल्याखाली सही माझी.

परेडसाहेबांना भेटायला गेलो. पाऊण तास बाहेर बसवलं. आत गेलो तर म्हणाले, मिस्त्री, तुम्हीच सांगा, रायफल चाचणीत चालली ना? तुमच्यासमोर चालली ना? मग दोष कुणाचा? त्यांनी हळूच सुचवलं, जावयाच्या प्रकरणाचं सौम्य करून टाकू, तुम्ही फक्त फार खोलात जाऊ नका. खुर्चीच्या मागे भिंतीवर ख चा फोटो लावलाय, चौकटीत. तिथेच थुंकावंसं वाटलं.

बाहेर जिन्यात मोजणीच्या बाई भेटल्या. त्यांनी फेरतपासणीची मागणी केली आहे, एकट्याने. म्हणाल्या, माझ्याकडे आकडे आहेत, कारण नाही. तुमच्याकडे काही लिहिलेलं असेल तर द्या. मी म्हटलं, आहे, रोजचं लिहिलंय, सगळ्यांची कुंडली आहे त्यात. चार दिवसांनी दहा वाजता येते म्हणाल्या.

बरं झालं वही लिहिली. आता एकेकाला बघतो.

२० सप्टेंबर

दुपारी अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो, जावईबापू आणि मी. मी वही आणायला उठणारच होतो, म्हटलं बाईंना देण्याआधी खुणा करून ठेवू, कुठल्या पानावर कोण काय बोललं. त्याआधी त्यांना विचारलं, अगदी खरं सांगा, पुसत होतात ना?

म्हणाले, दिवसातून दोनदा, जमेल तसं. डबीतलं तेल पंधरा दिवसांत संपलं. मग हसले, पहिल्यांदाच, इतक्या दिवसांत. माझी समजूत घालायला हसले असावेत.

"तुमच्याकडे असती तर चालली असती, बाबा. तुमचा हात लागला की काहीही चालतं."

मी वही घेऊन आत बसलो. पहिल्या पानापासून वाचत आलो. परेडसाहेबांच्या नावाखाली रेघ मारली, अत्तरवाल्याच्या मारली. बारा तारखेवर आलो. फडकं फिरवलं. तेरा तारीख. फडकं, आणि थेंबभर तेल. चौदा, पंधरा मी तापात, अकरा वेळा अडकली. सोळाला स्वच्छ पुसलं, सतराला एकदा. नेहमीप्रमाणे फडकं. पुढे तर लिहिलेलंही नाही, कारण नेहमीचं कोण लिहितं. पण केलं. रोज केलं. एकही संध्याकाळ सोडली नाही.

क ला त्याने काही फरक पडला नाही. क मुळातच तशी होती. ख ला पडला.

काडतुसं वजनाला लावली, पंखा उघडला, बाईंच्या पेन्सिलीवर नजर ठेवली, आणि कोणीतरी हात मारलाय म्हणून सात महिने बोंबलत राहिलो. सील लावू दिलं नाही ते मी. ते दोन दिवस रद्द करवले ते मी. दाखल्यावर सही माझी. त्या हलकट लोकांनी फक्त खिडकीत तोंड बघितलं आणि बिस्किटं खाल्ली. त्यांना चोरी करावीच लागली नाही. त्यांच्यासाठी मी फुकटात करून दिली, आणि वर रोज संध्याकाळी स्वतःला शाबासकी दिली.

बदली मिस्त्रीला मी नाही नाही ते लिहिलं. नियम पाळणारा त्या जागेत तो एकटाच होता.

त्या सगळ्यांची जेवढी किळस या वहीत लिहिली आहे, तेवढी सगळी आता माझ्याच हातांची येते. कोटाच्या खिशात फडकं असतं, कायम. काढलं, बघितलं, कुठे टाकावं कळेना. परत खिशात ठेवलं.

२१ सप्टेंबर

बाई दहाला येतील. आठ वाजता जावईबापूंना सांगितलं. उभ्याने सांगितलं, बसवेना. लेक स्वयंपाकघराच्या दारात थांबली, हीपण मागे. सगळं सांगितलं, फडकं, तेल, दोन दिवस, पत्र, सही. फोनवर जे बोललो तेही.

त्यांनी आपल्या पंजाकडे बघितलं. मला वाटलं, शिवी देतील. द्यावी असंही वाटलं.

"रोज पुसत होतात?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"त्याच्या आईला तो कागद गेलाय. हेळसांडीचा. ती मला विचारत होती, माझा मुलगा घाणेरडा होता का म्हणून. मी नाही म्हटलं तर तिला खरं वाटेना. शिक्क्याचा कागद होता ना." मग माझ्याकडे बघितलं. "बाबा, तुम्ही लिहून द्या."

मी म्हटलं, लिहिलेलंच आहे. आणि वही त्यांच्या हातात दिली. डाव्या हाताने पानं उलटत ते वाचत होते. हे शेवटचं पान लिहायला मधेच मागून घेतली.